नवं लाकूड

आतून पुन्हा तोच एक सूर आला. लांबलचक, सपाट, एकाच जागी उभा राहिलेला. मग थांबला. मग परत तोच.

मी सासऱ्यांच्या ओसरीवर बसलो होतो. शेजारी आमचे बँडमास्तर बापू जावीर, आणि आमच्या मधे निवून गेलेला चहा. दाराला आतून कडी, खिडकीवर गोधडी टांगलेली. एप्रिल महिना, आटपाडीचं ऊन, डोक्यावरचा पत्रा तापून तडतडत होता, आणि हा माणूस आत सगळं लावून घेऊन एकटाच एक सूर धरून बसला होता.

"ह्येच ऐकायला आलूय व्हय मी?" बापूंनी मला विचारलं.

"मला काय म्हाईत? मला न्हाई कुणी बोलिवलं."

"आरं, आनंदरावाच्या लेकीचं लगीन तोंडावर आलंय. ह्यो पाठवणीची धून कदी वाजवणार?"

बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं, पण ते सगळं सासऱ्यांविषयी होतं आणि मी त्यांच्याच ओसरीवर बसलो होतो.

कडी निघाली. तात्या बाहेर आले. अंगात बंडी, खांद्यावर पंचा, काखेत क्लॅरोनेटची काळी पेटी. मिशा नेहमीसारख्या पिळदार. पंच्यानं तोंड टिपत म्हणाले, "झालं आजचं."

"काय झालं?" बापू उठूनच उभे राहिले. "एक सूर काढलास निस्ता!"

"धा मिंटं झाली. नवं लाकूड हाय, बापू. जास्ती फुकलं की आतनं भिजतंय, भायेरनं सुकतंय, आन् मग तडकतंय. एकदा चीर गेली की संपलं."

"गेल्या म्हैन्यात बी ह्येच सांगत हुतास."

"गेल्या म्हैन्यात बी नवंच हुतं की," असं म्हणून तात्या पेटी घेऊन परत आत गेले. बापूंनी माझ्याकडे बघितलं, मी चहाकडे बघितलं.

तात्या म्हणजे यशवंत गेजगे. बापूंच्या बँडात पहिल्या ओळीत, मधोमध उभं राहून क्लॅरोनेट वाजवणारे. बँड बापूंचा असला तरी सुपारी तात्यांच्या नावावर यायची. "गेजगे असतील तर या," असं लोक तोंडावर सांगायचे. मी दुसरं क्लॅरोनेट, म्हणजे ते वाजवतील त्याच्या मागं मागं जायचं. त्यातून मी त्यांचा जावई. शालन त्यांची एकुलती एक लेक. सगळा बँड त्यांना तात्या म्हणायचा, मी आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मामा. ते मला जावईबापू म्हणत, अहोजाहो करत. त्याचा मला काडीचा उपयोग नव्हता. जावयाला मान देतात, उत्तर देत नाहीत.

हे सगळं झालं ते आदल्या हंगामामुळे. त्या हंगामात तात्यांचं वाजवणं बिघडलं. वरच्या पट्टीत सूर चिरकायला लागला. एका वरातीत तर ऐन रंगात 'चीं' करून असा काही आवाज निघाला की पोरंसोरं हसली. सगळ्यांनी दोष वाद्याला दिला. वाद्य होतंच तसं. लाकडाऐवजी एबोनाइटचं, जुनाट, एक चावी दोऱ्यानं बांधलेली, दुसरी रबरानं. ही बातमी आनंदराव निकमांच्या कानावर गेली.

आनंदराव विट्याजवळच्या एका गावचे. कलकत्त्यात त्यांचा सोनं गाळायचा धंदा. आमच्या भागातली घरंच्या घरं त्या धंद्यापायी देशभर पांगलेली असतात, आणि लग्नकार्याला तेवढी गावी येतात. आनंदरावांच्या थोरल्या दोघी लेकी तात्यांच्या वाजवण्यावर सासरी गेलेल्या. धाकटी राहिली होती. तिचं ठरलं तसं त्यांनी कलकत्त्याहून माणसाबरोबर एक अस्सल लाकडी क्लॅरोनेट पाठवलं, आणि निरोप दिला, "तात्यास्नी म्हणावं, धाकटीला ह्याच्यावर वाटं लावायची."

काळंभोर लाकूड, पांढऱ्या झळझळीत चाव्या, पेटीत निळी मखमल. हातात घेतलं की वजन कळायचं. आम्ही बँडातले झाडून सगळे बघायला गेलो, नवी सून बघायला जावं तसे. तात्यांनी कुणालाच हात लावू दिला नाही.

आता नवं लाकडी वाद्य एकदम रेटून वाजवत नाहीत, हे मलाही माहीत होतं. फुंकरीची वाफ आतल्या लाकडाला लागते, ते फुगतं, बाहेरचं कोरडंच राहतं आणि मधे चीर जाते. म्हणून आधी रोज थोडं थोडं वाजवायचं, वाजवून झालं की आतून फडकं ओढून पुसायचं, आणि मग हळूहळू वेळ वाढवत न्यायची. वाढवत न्यायची! तात्या वाढवायचं नावच घेईनात. संक्रांत गेली, होळी गेली, पाडवा गेला. त्यांची दहा मिनिटं काही अकरा झाली नाहीत.

आणि त्यांचे नियम. पंखा नको, वाऱ्यानं लाकूड आखडतं. खिडकी नको. दार तर नकोच. खोलीत माठ होता, त्याच्या गारव्यानं लाकूड गार पडतं आणि गार लाकडात ऊन फुंकर गेली की तडकतं, म्हणून शालननं माठ उचलून ओसरीवर नेऊन ठेवला. तिथं दुपारभर ऊन. म्हणजे क्लॅरोनेट सावलीत आणि माठ उन्हात. त्या उन्हाळ्यात सासऱ्यांच्या घरी जो गेला तो कोमट पाणी पिऊन आला.

लग्नसराई सुरू झाली आणि माझी पार वाट लागली. तात्या गणवेश घालून बँडाबरोबर यायचे. पहिल्या ओळीत मधोमध उभे राहायचे. पेटी काखेत, पेटीला वरून ओलं फडकं. आणि नुसते चालायचे! वरातीत मान हलवत, ताल धरत चालणारा माणूस बँडाला कशाला पाहिजे? मी एकटा फुंकतोय, खालचा ओठ आतून फाटलाय, तोंडात रक्ताची चव, आणि शेजारी हे मिशांवरून हात फिरवत चाललेत.

एकदा मी न राहवून म्हटलं, "मामा, तवर जुनं तरी वाजवा की."

"न्हाई न्हाई. दोन वाद्यांवर त्वांड ठिवलं की दोनीकडनं जातंय. जुनं आता माळ्यावर टाकलं."

"आन् नवं?"

"मुरू द्या."

घरी येऊन मी शालनवर डाफरायचो. ती ऐकून घ्यायची. तिचं आपलं निराळंच चाललेलं. रोज सकाळी बापाला डबा, आणि डब्यात काय, तर गुरगुट्या भात, नाहीतर दुधात कुस्करलेली भाकरी. घरी मटण केलं तरी तात्यांना नुसता रस्सा.

"तुझा बाप काय बाळंत झालाय व्हय?" मी विचारलं.

"पित्त झालंय त्यास्नी. उन्हाळा हाय."

"त्यास्नी नव्या लाकडाचं पित्त झालंय. मिरजेला काय सारखं जात्यात?"

"पत्त्या आणाय."

क्लॅरोनेटच्या तोंडाला वेताची पातळ पत्ती लावतात, तिच्यावर सूर निघतो. ती मिरजेला मिळते, खरं आहे. पण एका माणसाला पत्त्या आणायला लेक बरोबर लागते? दोनदा शालन बरोबर गेली. माझ्या पोटाला त्या दिवशी शेजारणीचं पिठलं. बाप-लेक एका मापाचे, असं म्हणून मी सोडून दिलं.

पण खरी पंचाईत पाठवणीची होती. पाठवणीला तात्या जी धून वाजवत ती कुठल्या सिनेमातली नव्हती. तात्यांचे वडील सनईवाले. तेव्हा बँड नव्हते, लेक वाटं लावताना ते सनईवर ही धून धरायचे. तात्यांनी ती क्लॅरोनेटवर आणली. नवरी आईच्या गळ्यातून सुटून गाडीत बसेपर्यंत ती चालायची. आनंदरावांनी वाद्य पाठवलं ते त्या धुनेसाठी. वरात कुणीही वाजवली असती. त्या दिवशी ती धून वाजली नसती तर बापूंचं त्या भागातलं नाक कापलं गेलं असतं, आणि तात्यांची पहिल्या ओळीतली जागाही गेली असती. बापूंनी मला तसं स्पष्ट सांगितलं होतं. "लग्नात बी न्हाई वाजीवलं तर पुढं तू उभा ऱ्हायाचं. मग त्यो माझा दोस्त आसंल न्हाईतर कुणी."

म्हणून मी तात्यांना म्हटलं, "मामा, मला तरी शिकवून ठिवा ती धून. वेळ काय सांगून येती?"

"ती शिकवून येत न्हाई, जावईबापू. ऐकून येती."

"मग ऐकवा."

"नवं लाकूड हाय."

त्या दिवशी मी घरापर्यंत मोठ्यानं एकटाच बोलत गेलो. रस्त्यातल्या माणसांनी बघितलं.

लग्नाच्या दिवशी पहाटेच टेंपोनं निघालो. ढोलांच्या मधे आम्ही दाटीवाटीनं बसलेलो, तात्यांच्या मांडीवर पेटी. विट्याच्या अलीकडे ड्रायव्हरनं खड्ड्यात असं घातलं की पेटी उडाली, कडी सुटली आणि माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा चोचीसारखा भाग, निसटून माझ्या पायात आला. मी उचलला. उचलून बघितला आणि बघतच राहिलो.

क्लॅरोनेट वाजवताना वरचे पुढचे दोन दात माउथपीसवर टेकतात. दोन आठवडे कुणी नेमानं वाजवलं की त्यावर दोन बारीक खळगे पडतात. माझ्या माउथपीसवर आहेत. तात्यांच्या जुन्यावर तर बोट ठेवलं तर बसेल एवढे होते. आणि महिनोन् महिने रोज वाजवलेला हा नवा माउथपीस काचेसारखा गुळगुळीत. एक ओरखडा नाही.

तात्यांनी माझ्या हातून तो जवळजवळ हिसकावला, फडक्यात गुंडाळला आणि पेटी बंद केली.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ह्यांनी हे वाद्य वाजवलेलंच नाही! आत दार लावून जुनंच वाजवत होते. माळ्यावर टाकलं म्हणे! नवं नुसतं मिरवायला. आनंदरावांनी दिलेलं, कलकत्त्याचं, म्हणून देव्हाऱ्यातल्यासारखं जपून ठेवलेलं. आणि त्यापायी मी हंगामभर तोंड फोडून घेतलं. टेंपोत सगळे होते म्हणून राग गिळला. पण गाव येईपर्यंत माझे कान गरम होते.

सकाळपासून मी एकट्यानं वाजवलं. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला गेला तेव्हा वाजवलं, मांडवात आला तेव्हा वाजवलं, अक्षता पडल्या तेव्हा वाजवलं. तात्या शेजारी उभे. अक्षता झाल्यावर आनंदराव स्वतः येऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तात्या, हितवर जपलंसा तेवढं ब्येस केलंसा. आता पाठवणीला काढा बाहेर."

तात्यांनी मान हलवली. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बँडाची पंगत बसली. तात्या पंगतीला नव्हते. बापूंनी माझ्या ताटातल्या जिलेबीकडे बघत सांगितलं, "ऊठ. बगून ये कुटं गेलाय. गाडी लावल्याली हाय, पोरगी निघंल इतक्यात. आन् त्येला सांग, आता जर त्यो लाकूड म्हणाला तर मी त्येला तितंच सोडून जातू."

आम्हाला उतरायला शाळेची एक खोली दिली होती. तिचं दार लोटलेलं, आतून तोच सूर. सपाट, हळू, एकाच जागी उभा. तेवढ्यानंच माझं डोकं फिरलं. दार ढकलून मी आत गेलो आणि जावईपणा उंबऱ्याबाहेर ठेवला.

"बास करा मामा ह्ये सोंग! जुनंच फुकायचं हुतं तर आमास्नी कशाला येडं केलं? दाताची एक खूण न्हाई त्येच्यावर. वाजवलंय कदी तुमी ते?"

तात्या फळ्याकडे तोंड करून बसले होते. हातात नवंच क्लॅरोनेट होतं. बाकावर पेटी उघडी होती, आणि तिच्यात निळ्या मखमलीवर, जिथं माउथपीस ठेवायचा असतो त्या खाचेत, दात होते. वरच्या दातांची अख्खी ओळ, गुलाबी हिरड्यांसकट. कवळी.

ते वळले. मी तो चेहरा आधी कधी पाहिला नव्हता. पिळदार मिशांच्या खाली तोंड आत गेलेलं, गाल बसलेले. मिशा तेवढ्या तात्यांच्या वाटत होत्या. त्यांनी कवळीकडे हात नेला, मग अर्ध्यातच थांबले. आता घालून तरी काय उपयोग, असं त्यांना वाटलं असावं.

"दार लावा आदी," ते म्हणाले.

मी दार लावलं.

"शालनला ठाव हाय?" माझ्या तोंडून हेच पहिलं निघालं.

"तीच तर घिऊन गेली मिरजेला."

मिरजेत पत्त्या मिळतात तसे दातांचे डॉक्टरही असतात, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी बाकावर बसलो. तात्या खाली बघत बोलायला लागले. दातांशिवाय त्यांचे शब्द मऊ येत होते.

"मिश्रीनं खाल्लं समदं. मागल्या हंगामात सूर गेला त्यो वाद्यानं न्हवं. दात हालत हुतं. लोकं म्हणली वाद्य बिगाडलं, मी म्हटलं व्हय, वाद्यच बिगाडलं. मग आनंदरावानं ह्ये धाडलं. आता काय सांगणार?"

"आन् कवळी?"

"घालून बगितलं. जरा जोर लावला की सुटती आन् माउथपीसबरूबर भायेर येती. एकदा तर मांडीवर पडली." ते जरा हसले, मग हसू आवरलं. "मग बा आठवला. त्यो सनई दातावर कुटं वाजवायचा? निस्त्या ओठावर. म्हातारपणी त्येच्या तोंडात दात न्हवता, पर सनई सुटली न्हाई. म्हटलं आपून बी तसंच करू. पर माझं ओठ कच्चं, जावईबापू. आयुष्यभर दातावर भार दिलेला. ओठांनी निस्तं धरलं की धा मिंटांत थरथराय लागत्यात. मग सूर ऱ्हात न्हाई."

"म्हंजे लाकूड..."

"लाकूड कवाच मुरलंय. ओठ मुरना झाल्यात."

खरं सांगतो, मला त्यांची दया यायला हवी होती. आली, पण नंतर. त्या क्षणाला मला फक्त संताप आला. एवढ्याशा गोष्टीसाठी!

"मग ह्ये सांगायला काय झालं हुतं? मी काय परका हाय? सगळा हंगाम मी एकट्यानं वढला. ओठ बगा माजा!"

"कुणाला सांगू?" तात्यांचा आवाज चढला. "बापूला? दात पडल्याल्या क्लॅरोनेटवाल्याला पुढं कोण उभा करतंय? का तुमास्नी सांगू? जावयापुढं बोळकं त्वांड घिऊन बसू?"

बाहेरून बापूंची शिट्टी आली. बँडाला गोळा करायची त्यांची शिट्टी. पाठोपाठ मांडवातल्या बायकांचा गलका ऐकू आला. पोरगी निघाली होती.

"चला," मी म्हटलं.

"न्हाई. ह्या तोंडानं? समदा मांडव बगंल. पोरं हासतील." त्यांनी क्लॅरोनेट माझ्याकडे धरलं. "तुमीच वाजवा. येईल तशी वाजवा."

"मला येत न्हाई ती! तुमी शिकवली कुटं?"

बापूंची दुसरी शिट्टी आली. माझा संयम तेव्हा संपला.

"मामा, पाठवणीला बँडाकडं कोण बगतं? आं? पोरगी रडतीया, तिची आई रडतीया. लोकं नवरीकडं बगतील का तुमच्या तोंडाकडं? आन् मी इतकी वर्सं तुमच्या शेजारी उभा हाय. मला तुमचं त्वांड कदी दिसलंय? मला तुमचा कान दिसतो निस्ता!"

मी पुढं होऊन पेटीतली कवळी उचलली, माझ्या रुमालात गुंडाळली आणि गणवेशाच्या खिशात घातली. आमच्यात जावई सासऱ्याच्या अंथरुणावरसुद्धा बसत नाही.

"ही माझ्याकडं असू द्या. मागितली की दिईन. उठा."

ते उठले.

गाडीपाशी गर्दी होती. बापूंनी आम्हाला बघितलं, तात्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी डोळ्यांनीच दटावलं. ते बिचारे वळून ढोलवाल्यांना गप्प करायला लागले. तात्या मधोमध उभे राहिले. मान खाली घातली, क्लॅरोनेट ओठांत धरलं, आणि धून सुरू झाली.

मी ती कितीदा ऐकली होती. पण अशी नाही. दातांवरचा सूर टणक असतो, लांबवर जातो. हा जवळच राहत होता. सनईसारखा, पण सनईपेक्षा खालचा, माणसानं हळू बोलावं तसा. गलका आपोआप उतरला. आनंदरावांच्या लेकीनं आईच्या खांद्यावरून डोकं उचललं आणि परत टेकलं. आनंदराव गाडीच्या दाराला धरून उभे होते. सोन्यातला मोठा माणूस, तो लहान पोरासारखा मनगटानं डोळे पुसत होता. बँडाकडे एकानंही बघितलं नाही.

मी बघत होतो. तात्यांच्या ओठांच्या कडा थरथरायला लागल्या होत्या. मला ते कळत होतं, कारण मला आता कारण माहीत होतं. पोरगी अजून गाडीत बसत नव्हती. ही मावशी, ती आत्या, एकेक जण गळ्यात पडत होती. मला ओरडावंसं वाटत होतं, अरे बसवा तिला लवकर! ह्यांचे ओठ सुटतील! शेवटी कुणीतरी तिला आत बसवलं, दार लागलं, गाडी हलली, आणि तात्यांनी शेवटचा सूर धरला तो गाडी वेशीपर्यंत जाईतो धरला. कसा धरला ते मला आजही सांगता येणार नाही.

मग ते माझ्याकडे वळले, पंचा तोंडावर घेतला आणि हात पुढं केला. मी गर्दीकडे पाठ करून रुमाल दिला. आनंदराव येईपर्यंत दात तात्यांच्या तोंडात परत गेले होते.

"तात्या!" आनंदरावांनी त्यांना मिठीच मारली. "म्हटलं नव्हतं? वाद्यात दोष हुता! काय लाकूड निघालं बगा!"

"व्हय, व्हय," तात्या म्हणाले. "लाकूड चांगलं हाय."

मला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं की लाकूड खड्ड्यात गेलं. पण तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड मिटलं.

परतीच्या टेंपोत त्यांनी पेटी माझ्या मांडीवर ठेवली. "धरा. वराती तुमी वाजवा, मला येवढ्या झेपायच्या न्हाईत. पाठवणी तेवढी माझी, जमंल तवर." आणि जमेल तेवढी वर्षं त्यांनी तेवढीच वाजवली. मी शेजारी उभा राहून ऐकली. ऐकूनच आली.

तात्या गेले त्याला आता बराच काळ झाला. क्लॅरोनेट माझ्याकडेच आहे. त्याच्या माउथपीसवर दोन खोल खळगे आहेत, ते माझ्या दातांचे. तात्यांची त्यावर एकही खूण नाही. नवी पोरं विचारतात, ह्याच्या आधी हे कुणी वाजवलं नव्हतं का? मी त्यांना धून वाजवून दाखवतो.

गेल्या आठवड्यात भाकरी खाताना माझा वरचा पुढचा दात हलला. शालन म्हणाली, मिरजेला जाऊ. मी म्हटलं बघू. दुपारी मी आतल्या खोलीत गेलो, खिडकी लावली, दाराला कडी घातली. क्लॅरोनेट जोडलं आणि माउथपीस नुसत्या ओठांत धरला. एक सूर काढला. लगेच सुटला. परत काढला.

बाहेरून शालनचा आवाज आला. "आवं, ह्या उन्हाचं दार लावून काय चाललंय?"

मी ओठ पुसले. "काय न्हाई. धा मिंटं थांब."

थोड्या वेळानं मागच्या दारानं ती खोलीत आली, माझ्याकडे न बघता कोपऱ्यातला माठ उचलला आणि ओसरीवर नेऊन ठेवला.